परवानगीबद्दल शाल-श्रीफळ

चि. मंजुषास,

कुमुदताईचे अनेक आशीर्वाद. तू सांवेरला खुशाल आहेस, खाल्लेलं पचतंय, गुडघेही कुरकुरत नाहीत, हे फोनवर कळलं. मोठी बहीण म्हणून आनंदच आहे. पण तुझी ही ठणठणीत तब्येत सध्या माझ्या फार गैरसोयीची आहे. का, ते शेवटी लिहिते. इकडे सगळे मजेत आहेत. (सगळ्यांत मला धरू नकोस.)

शमिकाच्या बाळंतपणाला फिनलंडला गेले आणि नातीला सांभाळता सांभाळता तिथल्या लायब्ररीच्या वर्गात फिनिश शिकले, हे तुला ठाऊक आहेच. (वर्गालाही बाबागाडी ढकलतच जायचे.) तिथल्या कारिनाबाईंनी आता मला इथे घरबसल्या काम दिलंय. लायब्ररीत देशोदेशींच्या स्वातंत्र्याचं प्रदर्शन आहे. आपल्या देशाच्या तक्त्यांवरचा इंग्रजी मजकूर फिनिशमध्ये करायचा. ‘होमरूल’, ‘सेल्फ-डिटर्मिनेशन’ वगैरे. पोह्यांखेरीज माझ्याकडे कुणी काही मागितलं याचंच मला अप्रूप. लगेच हो म्हणाले.

पण बसायचं कुठे? माझ्या खोलीत यशोधनची ट्रेडमिल आली. (तिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळलेत.) जेवणाच्या टेबलावर ‘होमरूल’ उघडलं की हे हॉलमधून चहा मागतात. चिरंजीव यशोधन म्हणतात, “आई, मोबाइल दोन मिनटात करून देईल ना, तू कायको टेन्शन घेते?” मोबाइलने दिलंही करून. ‘भारताला स्वातंत्र्य बहाल करण्यात आले’, इंग्रजीत होतं तसंच. आणि मी नेमकी तिथेच अडले होते. फिनिश लोकांकडे यासाठी एक सरळ क्रियापद आहे, ‘इत्सेनाइस्त्युआ’. म्हणजे आपलं आपण स्वतंत्र होणं. त्यात देणारा कुणी नसतोच. मला तेच घालायचंय, पण मग सगळे तक्ते नव्याने लिहायला हवेत, आणि त्यासाठी सलग बसायला हवं. इथे सलग फक्त कुकरच्या शिट्ट्या होतात.

तशात यांनी ही बातमी आपल्या मंडळात पोचवली. अध्यक्ष शंकररावांनी ताबडतोब सत्कार ठरवला. मी बापडी ठेवणीतली माहेश्वरी नेसून गेले. (आधी साठ माणसांच्या पोह्यांना फोडणी घालून. ‘भाभीजींच्या हातचेच हवेत’ असा आग्रह होता.) नाव पुकारलं तेव्हा मी उठले, आणि शाल पडली यांच्या खांद्यावर! श्रीफळही यांच्याच हातात. शंकरराव माइकवर म्हणाले, “बाळकृष्णजी, भिया, मान गए! भाभीजींना इतकी छूट आजकाल कोण देतं?” टाळ्या पडल्या. यांनी नम्रपणे मान झुकवली आणि ‘स्त्रीला स्वातंत्र्य दिलेच पाहिजे’ यावर अर्धा तास बोलले. मी उभीच होते, तेव्हा कुणीतरी माझ्या हातात जिलबीचं ताट दिलं. वाढली मी जिलबी, मंजू. सगळ्यांना वाढली. घरी येऊन न्हाणीघराचा नळ सोडून रडले, आणि पाणी वाया घालवते म्हणून बोलणीही खाल्ली.

तुझ्या घरातल्यांना नमस्कार. हे पत्र ‘खजराना गणपतीला जाऊन येते’ असं सांगून पोस्टात टाकते आहे. (देवाला माफी मागायला खरंच जाईन.)

तुझी,
कुमुदताई

ता. क. मंगळवारपासून आठ दिवस तू आजारी पड. लग्न झाल्यापासून मी घराबाहेर राहिले ती कुणाच्या बाळंतपणाला नाही तर दुखण्याला. बाळंतपण आता तुला शोभायचं नाही. गुडघाच बरा, पण पलंगावरून उठवत नाही म्हण. तुझ्या माडीवरची खोली तेवढी झाडून ठेव. लॅपटॉप मी साड्यांखाली घालून आणते.

ता. क. दुसरा. फोन मला करू नकोस, जिजाजींना कर. थोडी कण्ह, आणि ते हो म्हणाले की आभार मानायला विसरू नकोस. त्यांची ती शाल मी घेऊन येतेच आहे, तुझ्या गुडघ्याला गुंडाळायला.