नॉर्वेला न गेलेला गोली

कॅसल हिल, सिडनी
१४ जून २०२०

ती. शुभदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि टपाल बंद, म्हणून या पत्राचा फोटो तुझ्या शेजारच्या मितालीला पाठवतोय. ती छापून देईल.

मार्चपासून मी इथे आई-बाबांकडे आहे. बातमी अशी, की नॉर्वेच्या क्लबने मला आणखी दोन सीझनसाठी बोलावलंय, आणि तेही पहिल्या नंबरचा गोली, म्हणजे गोलरक्षक म्हणून! तू मागे विचारलं होतंस, टीमबरोबर गावोगाव फिरतोस तर खेळताना दिसत का नाहीस? अगं, आइस हॉकीत गोल राखायला एकच जण उभा राहतो. दुसरा बाकावर बसून बाकीच्यांना बर्फावर जायला-यायला फाटक उघडतो. दहा वर्षं, चार देशांत, मी फाटक उघडलं. या जानेवारीत पहिल्या गोलीचा गुडघा गेला, मला उभं केलं आणि आम्ही जिंकतच सुटलो. बाद फेरी सुरू होणार तोच सगळं बंद पडलं. आता ऑगस्टमध्ये पोचायचंय. देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागते, ती मागितलीय.

इथली बर्फाची रिंक बंद. मी गॅरेजमध्ये पॅड बांधून उभा राहतो आणि बाबा ऑफिसची मीटिंग म्यूट करून येऊन बॅटने टेनिस बॉल मारतात. म्हणणं अजून तेच, क्रिकेटमध्ये कीपर झाला असतास तर निदान उन्हात तरी उभा असतास.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा यतिन


पुणे
२६ जुलै २०२०

चि. यतिनास,
अ. उ. आ.

नरेंद्रला हार्ट अटॅक आल्याचं तुझ्या आईने, नीलाने कळवलं. बायपास करणार आहेत आणि भेटायला एकालाच सोडतात म्हणे. माझा धाकटा भाऊ तिकडे असा पडलेला आणि मी इथे दोनदा डाळ करपवून बसले.

परवानगी आलीय, जाऊ की थांबू, असं विचारलंस. सरळ लिहिते, थांब. आमचे अण्णा गेले तेव्हा नरेंद्र सिडनीत नवा होता. तो पोचेपर्यंत दहावंही उरकलं होतं. दारात चपला न काढताच उभा राहिला आणि मला म्हणाला, ताई, मी कुठे बसू? मला हल्ली काही ऐकू येत नाही, पण ते येतं. तुझ्यावर ती पाळी नको. आता तर एकदा गेलास की परत यायला विमानही मिळायचं नाही. खेळ पुढच्या वर्षी खेळशील.

आईला सांभाळ. मी इथे काळजीतच आहे, लवकर दोन ओळी लिही.

तुझी आत्या


कॅसल हिल
२० सप्टेंबर २०२०

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा ठणठणीत आहेत. ऑपरेशन छान झालं. आता रोज सकाळी घरामागचा चढ चढून येतात.

मी क्लबला नाही म्हणून कळवलं. कोच भला माणूस, समजतो म्हणाला. पण गोली हवाच, म्हणून त्याने एक तरुण फिनिश खेळाडू घेतला.

बाबांना हे घरी आल्यावर कळलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते ताटावरून उठले. मला एकदा विचारायचं होतंस, म्हणाले. अतिदक्षता विभागात कसं विचारणार होतो, असं मी म्हटलं, तर म्हणाले, शुद्धीत होतो मी. तेव्हापासून कामापुरतं बोलतात.

तू मनाला लावून घेऊ नकोस. विचारलं तुला, ठरवलं मी. पण एक गोष्ट तुलाच लिहितो. बाबा चढावरून येताना दिसले की क्षणभर मनात येतं, इतके बरे होणारच होते तर... आणि मग माझी मलाच लाज वाटते.

रागावू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

यतिन


पुणे
७ मार्च २०२१

चि. यतिनास,
अ. उ. आ.

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला इतक्या महिन्यांनी उत्तर लिहितेय. तसं मनात येणारच. त्यात लाज कसली? त्याच वेळी तू बापाच्या औषधांच्या वेळाही पाळत होतास, हे नीलाने लिहिलंय.

मी चुकले का, हे मला अजून ठरवता येत नाही. नरेंद्रने मला चांगलं झापलं. तू माझं आजारपण माझ्या मुलाच्या पायात बांधलंस, असं लिहिलं त्याने.

दुसऱ्या कुठल्या क्लबचं जमतंय का? मनापासून विचारते आहे. आशीर्वाद आहेतच.

आत्या


कॅसल हिल
१५ जून २०२१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जमलं नाही. चौतीस वय ऐकून क्लब उत्तर द्यायचेच थांबले. माझ्या जुन्या क्लबमधून तो फिनिश गोली आता मोठ्या लीगमध्ये चाललाय. चांगलाच आहे तो. मी एजंटला कळवून टाकलं, की माझं नाव आता कुठे देऊ नकोस.

रिंक उघडल्यापासून शनिवारी मुलांना शिकवतो. गेल्या रविवारी एक मैत्रीचा सामना होता. बाबा न सांगता गाडीत येऊन बसले. त्यांनी मला बर्फावर उभं कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी सोडायला आई यायची आणि पुढे मी परदेशात. एकटेच वर थंडीत बसले होते. मी बरा खेळलो, पण एक पक, म्हणजे आमच्या खेळातली रबरी चकती, पायांमधून आत गेला. नॉर्वेत गेला नसता.

परतताना बाबांनी गाडी सुरूच केली नाही. म्हणाले, तू गेला असतास तरी मी मेलो नसतो रे. मी म्हटलं, तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं, बाबा? तर म्हणाले, हो, म्हणूनच कुणावर रागावताही येत नाही.

मग त्यांनी विचारलं, तिकडे तुला बघायला किती माणसं यायची? चार हजार, मी सांगितलं. ते समोरच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, त्यात एक मी असायला हवा होतो.

यतिन