आखूड होत गेलेला घागरा

पॅरिस, ४ नोव्हेंबर १८६६

चि. सौ. क्लोतिल्दला फिलोमेनताईचे अ. उ. आ.

तुझ्या लेकीनं अखेर बाजी मारली. नव्या बॅलेत ओदिलला एकटीचा नाच मिळालाय, तोही रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला. वीस डिसेंबरला पहिला प्रयोग. बॅलेमास्तरांनी तिचं नाव वाचलं तेव्हा बाकीच्या पोरींची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली.

घागरा मीच शिवणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी मी या शिवणखोलीत आले तेव्हा जाळीचा घागरा घोट्याच्या वर जेमतेम चार बोटं असायचा. दर पाच-सहा वर्षांनी तो थोडा वर सरकतो आणि दर वेळी कुणीतरी म्हातारा आता जगबुडी आली म्हणून बोंबलतो. सध्या मापाची काठी पोटरीच्या मध्यावर थांबते, करारातच तसं लिहिलंय. मिलानच्या मुली म्हणे गुडघे दाखवतात. दाखवोत बापड्या.

आता काळजीचं. थिएटरचा नियम असा आहे की प्रत्येक घागरा तुरटीच्या पाण्यातून काढायचा, म्हणजे जाळी पेट घेत नाही. पण तुरटीनं जाळी पिवळी पडते आणि पापडासारखी ताठ होते. म्हणून पोरी नाक मुरडतात आणि जबाबदारी आमची असं लिहून देतात. ओदिलनंही तोच हट्ट धरलाय. ती सतरा वर्षांची, म्हणून कागदावर आईची सही लागेल. तू सही करू नकोस. दोन वर्षांपूर्वी आमच्या झेली नावाच्या नर्तकीनं असाच कागद दिला होता. कडेच्या गॅसच्या दिव्याला घागरा लागला आणि ती पेटलेल्या अंगानं तीन वेळा रंगमंचभर धावली. अकरा दिवस जगली. तिचा घागरा तुरटीत न बुडवणारी मीच होते. तिनं गळ्यात पडून लाडीगोडी लावली आणि मी विरघळले.

बाकी ठीक. नव्या कमरपट्ट्या ओदिलच्या कमरेला काचतात, तीन बदलून झाल्या. शेवटी खणात हात घातला आणि अंगठ्याला सगळ्यात मऊ लागली ती जुनी पट्टी काढली. घामानं मुरलेली पट्टी लोण्यासारखी बसते. तिच्यावर ओदिलच्या नावाची फीत शिवली.

तुझ्या नवऱ्याला नमस्कार सांग. ताई कटकट करते म्हणून लोभ आटवू नकोस.

तुझी,
फिलोमेनताई

•

ल्यों, ११ नोव्हेंबर १८६६

ती. ताईला क्लोतिल्दचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले. आनंदाची बातमी देतानाही तुला मधे एक प्रेत ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. आई म्हणायची तेच खरं, फिलोमेन लग्नाच्या जेवणातही आधी काटा शोधते.

सही केली आहे, कागद याच पाकिटात आहे. रागावू नकोस. पोरीनं मला वेगळं पत्र लिहून कळवलंय की तुरटीचा घागरा घालून नाचायचं तर त्यापेक्षा ती कांदे विकेल. आठ वर्षं तिनं पायांची सालं काढून घेतली, ती काय पिवळ्या फडक्यात उभं राहायला? झेलीचं वाईट झालं, पण ती म्हणे बेफिकीर होती. आमची ओदिल सावध आहे.

माझा स्वार्थ सांगून टाकते. घागऱ्याचा कागदी नमुना पाठव. तुमच्या रंगमंचावर आज जे येतं ते दोन महिन्यांनी माझ्या गिऱ्हाइकांना हवं असतं. गिरणीवाल्यांची एर्मिनी, एकोणीस वर्षांची, परवा माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बसली. नाताळाआधीच्या नाचासाठी तिला बॅलेतल्या परीसारखाच झगा हवा, पांढऱ्या जाळीचे अकरा थर, पण खाली जमिनीपर्यंत लोळणारा. मी म्हटलं बारा थर घालू. ती इतकी खूश झाली की तिनं माझा गालगुच्चा घेतला.

ओदिलला मुका. तुझी धाकटी बहीण मूर्ख असली तरी तुझीच आहे, एवढं लक्षात राहू दे.

तुझी,
क्लोतिल्द

•

पॅरिस, २६ नोव्हेंबर १८६६

चि. सौ. क्लोतिल्दला अ. उ. आ.

नमुना पाठवते आहे, पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि दार लावून वाच.

पंधरा तारखेला सकाळी शिवणखोली उघडली तर ओदिलच्या घागऱ्याची कड करपलेली होती. सगळे थर, सगळीकडून सारखे, बोटभर तपकिरी. खोलीत केसांना आच लागल्यावर येतो तसा वास. आमच्या खोलीत दिवा नाही, शेगडी नाही. इस्त्र्या खालच्या मजल्यावर तापतात आणि किल्ली माझ्या कमरेला असते. मी शिकाऊ पोरींना झापलं, त्या रडल्या. करपलेली कड कातरून टाकली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा बोटभर. तिसऱ्या सकाळी पुन्हा. मी खाली नवी जाळी जोडून माप पुरं केलं, तर सकाळी बरोबर जोडलेलं तेवढं आणि वर आणखी एक बोट गेलेलं. शेजारी बत्तीस घागरे टांगलेले आहेत, त्यांच्यावर डागसुद्धा नाही.

गुरुवारी भर दुपारी मी सूप प्यायला खाली गेले आणि चष्मा विसरला म्हणून परत आले. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. घागरा नेहमीच्या खुंटीवर होता आणि त्याची कड माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत होती. धूर नाही, ज्वाळा नाही. दुधावरची साय तव्यावर सांडली तर जशी हळूहळू लाल होते तशी. एका बाजूनं सुरू झालं आणि सावकाश फिरत गेलं, जशी आपण कड दुमडताना फिरवतो. मी हात जवळ नेला तर जाळी गार होती. मी तिथेच स्टुलावर बसले आणि ते पुरं होईपर्यंत बघत राहिले.

मग मी कमरपट्टी उसवली. आमच्याकडे जुन्या नर्तकीचं नाव काढत नाहीत, त्याच्यावरच नवीची फीत शिवतात. ओदिलच्या नावाखाली झेलीचं नाव होतं. त्या दिवशी तिच्या अंगावरचं सगळं जळलं, फक्त घामानं भिजलेली ही पट्टी राहिली. मीच ती खणात ठेवली होती. टाकवली नव्हती, एवढंच. आमच्यात कुणी नाव वाचून पट्टी निवडत नाही, अंगठ्यानं निवडतात, आणि माझ्या अंगठ्यानं नेमकी तीच उचलली.

ओदिलला सांगितलं तर ती पोट धरून हसली. पट्टी बदलू देत नाही, म्हणते इतकी चांगली बसणारी तिला जन्मात मिळाली नाही. क्लोतिल्द, झेली तुझ्या लेकीला बोलावते आहे. तिला दुसरं काय हवं असणार? सही परत घे. लेकीला घरी बोलाव, आजारी आहे म्हणून कळव. मी कुणापुढे हात पसरत नाही, तुझ्यापुढे पसरते.

पत्राचं उत्तर टपालाच्या पहिल्या गाडीनं दे. तुझ्या मायेवर माझी भिस्त आहे.

फिलोमेनताई

•

ल्यों, १० डिसेंबर १८६६

ती. ताईला शि. सा. न.

तुझ्या पत्रावर मी हसले होते. आठ दिवस उत्तरही दिलं नाही. चार दिवसांपूर्वी एर्मिनी पेटली.

नाच सुरू होऊन तासही झाला नव्हता. कुणीतरी हात पुढे केला, ती वळली आणि झग्याचा घोळ शेकोटीत गेला. बारा थर, ताई. अकरा मागितले होते. लोक म्हणतात की तिला गालिच्यात गुंडाळेपर्यंत जाळी संपलीसुद्धा होती.

ती अजून जिवंत आहे. तिच्या आईनं मला बोलावून घेतलं. मला वाटलं शिव्या देतील, पण एर्मिनीनंच माझं नाव घेतलं होतं. शुद्धीवर आली की ती एकच विचारते, झगा दुरुस्त होईल ना. मी रोज जाते आणि हो म्हणते. म्हणून मला पॅरिसला यायला निघता येत नाही.

माझी सही फाडून टाक. कचेरीत सांग की आई वेडी झाली आहे, काहीही सांग. ओदिलला वेगळं पत्र लिहिलंय, तिच्या पाया पडते असं लिहिलंय. तुरटीत बुडव, दोनदा बुडव. तू म्हणशील ते कर, पण माझी पोर मला राहू दे.

मी तुला हसले तेव्हा तूच बरोबर होतीस. तरी माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

क्लोतिल्द

•

पॅरिस, २१ डिसेंबर १८६६

चि. सौ. क्लोतिल्दला अ. उ. आ.

आधी हे वाच, तुझी ओदिल सुखरूप आहे. आता बाकीचं सावकाश वाच.

कचेरीनं कागद परत दिला नाही. म्हणाले सही मुलीच्या आईची आहे, मावशीचा संबंध नाही. मग मी गुपचूप दुसरा घागरा शिवला, पुऱ्या मापाचा, नवी पट्टी लावून, आणि तुरटीतून काढला. रंगीत तालमीला तो तिच्या अंगावर चढवला. तिनं खिडकीशी जाऊन तो उजेडात धरला, पिवळी झाक पाहिली आणि उतरवून माझ्या मांडीवर टाकला. खुंटीवरचा जुना ओढून घेतला. तोपर्यंत तो गुडघ्याच्याही चार बोटं वर गेला होता आणि खाली लोंबायला काही उरलं नसल्यामुळे चोहोबाजूंनी आडवा पसरला होता. मी दारात आडवी पडले असते, पण तिची वेळ झाली होती आणि ती मला ओलांडून गेली असती.

ती आली तसे संचालक खुर्चीतून उठले. बॅलेमास्तर काठी आपटत राहिले. पण वादक वाजवत होते आणि पोरगी थांबेना. पहिल्यांदाच तिचे पाय अख्खे दिसत होते, क्लोतिल्द. सत्तावीस वर्षं मी या पोरींना कपडे चढवते आहे, पण गुडघा वर उचलताना मांडीत काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

ती पुढच्या कडेला आली, गिरकी घ्यायला लागली, आणि मागचं मोठं दार कुणीतरी उघडलं. वाऱ्याचा झोत आला तशी कडेच्या दिव्यांची ओळच्या ओळ आत झुकली. ज्वाळा तिच्या पोटऱ्यांना लपेटून गुडघ्यापर्यंत चढल्या. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. तिथे धरायला त्यांना काहीच नव्हतं. जाळी त्यांच्या वर होती, चार बोटं. आग जागच्या जागी चाचपडली आणि खाली बसली. मोज्यांचं रेशीम करपलं, कातडीवर दोन फोड आले, बस.

नंतर ओदिलनं चिडून विचारलं की गिरकीत तिला कमरेला धरून मागे कुणी ओढलं. एकटीचा नाच आहे, मागे कोण असणार? कमरेवर, अगदी पट्टीच्या खाली, दहा बोटांचे वळ होते. मी ते डोळ्यांनी पाहिले, हातही लावला. ते थंड होते.

मी झेलीला ओदिलच्या जिवावर उठलेलं भूत समजत होते आणि ती रोज सकाळी बसून माझं काम करत होती. मी करायला हवं होतं ते. संचालकांनी कुणी कापलं म्हणून विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी कापलं. खोटं बोलले. त्यांनी करपलेले मोजे हातात घेतले आणि पुढे काही विचारलं नाही. काल सकाळी बत्तीसजणी माझ्या दारात रांगेत उभ्या होत्या, आमचेही कापा म्हणून. काल प्रयोग झाला. अर्ध्या बायकांनी पंख्याआड तोंड लपवलं आणि पंख्याच्या काड्यांमधून पाहिलं.

आज सकाळी कड पांढरीशुभ्र होती. मी दिवसभर वाट पाहिली.

एर्मिनी कशी आहे ते कळव. ताईवरचा लोभ होता तसा असू दे.

फिलोमेनताई

•

ल्यों, १७ फेब्रुवारी १८६७

ती. फिलोमेनताईला शि. सा. न. वि. वि.

एर्मिनी नाताळच्या दुसऱ्या दिवशी गेली. शेवटी तिनं झग्याचं विचारलं नाही, फक्त माझ्या शिवणाच्या बोटाला धरून राहिली. ओदिलची पत्रं येतात, त्यांत फक्त टाळ्यांची मोजदाद असते. येऊ देत. मी प्रत्येक पत्र दोनदा वाचते.

तुला एक सांगायचं राहिलंय. जानेवारीच्या सुरुवातीला मी दुकान उघडलं तर वकिलीणबाईंच्या झग्याची कड करपलेली होती. बोटभर, सगळीकडून सारखी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या सुनेच्या. मग सगळ्यांच्या, जाळीच्या, मलमलीच्या, रेशमाच्या. दुकानात शेगडी नाही, ती मी डिसेंबरातच काढून टाकली.

मी घाबरले नाही. तुझं पत्र आलेलं होतं, त्यामुळे कोण आहे ते मला लगेच कळलं. एर्मिनीच्या आईला सांगावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून मी रोज सकाळी कातर घेऊन बसते. ती जिथवर आणते तिथवर कापते आणि नीट दुमडून शिवते. आधी जमिनीवर लोळणारे घोळ गेले, मग टाचा दिसल्या, आता घोटे. गिऱ्हाइकं कुरकुरतात तेव्हा मी सांगते की यंदा पॅरिसमध्ये अशीच फॅशन आहे, थिएटरातल्या मुलींमुळे आली आहे. ताई, त्यांनी ते खरं मानलं. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना मी मोजल्या, चौदा बायकांचे झगे आखूड होते आणि त्यांतले नऊ मी शिवलेले नव्हते.

फक्त एक झगा ती शिवू देत नाही. एर्मिनीच्या आईनं काळा झगा शिवायला टाकलाय, जमिनीपर्यंत लांब, तसाच हवा म्हणून बजावलंय. रोज संध्याकाळी मी तो पुरा करते आणि रोज सकाळी तो एवढा करपलेला असतो की पुन्हा कापड आणावं लागतं. बाई परवा स्वतः दुकानात आल्या. मी काही सांगायच्या आधी त्यांनी ती कड हातात घेतली आणि नाकाला लावली. मग म्हणाल्या की आखूडच करा, तिला तसं हवं असेल तर तसं करा.

लोभ करत राहा, ताई. सध्या मला तो थोडा जास्त लागतो.

तुझी,
क्लोतिल्द