माशाच्या सारात गवती चहा

शुक्रवार, दुबई, १९६४

चार दिवस वहीला हात लावला नाही, माफी असावी. जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या सफरीत आमची बोट बँकॉकला थांबली तेव्हा मी एकटा गल्लीत जाऊन हातगाडीवर जेवलो, हे घरात कुणालाच खरं वाटत नाही. मुलगा रशीद तर म्हणाला, "बाबा, तुम्ही इथल्या बाजारातसुद्धा वाट चुकता."

म्हणून आज दुपारी तिथल्यासारखं माशाचं सार केलं, गवती चहा घालून. सून सकीना हसली, "बाबा, माशाला सर्दी झालीय का?" तिथे मलाही वाटलं होतं, गाडीवालीने चुकून काढाच दिला. हलाल असेल ना, ही धास्ती वेगळीच. तिने गाडीवर लावलेली कुराणातली आयत दाखवली, तेव्हा कुठे घास उतरला.

आज सार पुन्हा पुन्हा चाखून पाहिलं. मिरची जास्त झाली का? लिंबू कमी? पण गवती चहाचा वास सुटला आणि तीच गल्ली समोर आली. रशीदने दुसरी वाटी मागितली. घाम पुसत म्हणाला, "हे घरात बसून सुचायचं नाही. गेला होतात बाबा तुम्ही!"

जिंकलो! आता रत्नागिरीला बेगमला लिहितो. बँकॉकची गोष्ट कळवली तेव्हा तिनेही पत्रात थट्टाच केली होती. बाई गं, मानलंस का, ते लवकर कळव.