वन्संना चिप बसणार नाही

गुरुवार, संध्याकाळ

…मेथी निवडून झाली, डाळ भिजत घातली, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "वहिनी, वेणी घालून द्या. आज मुक्ताला विचारायचंच." मुक्ता माझी लेक, बंगळुरूला डोळ्यांत बसवायच्या चिप तयार करते. फोनवर बोलायला वेणी कशाला? पण घातली. उज्जैनच्या भैरवगढची छापील साडीही नेसवली.

मुक्ताने सरळच सांगितलं, "आत्या, चिप डोळ्यातल्या पडद्यावर बसते. तिथून मेंदूकडे जाणारी तुझी नसच काचबिंदूने गेलीय. तुला उपयोग नाही गं."

"अच्छा! बल्ब नवा, पण तारच जळालेली!" वन्सं मोठ्याने हसल्या. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाल्या, "दादाला एकदा बघायचं होतं, फोटोत का होईना. त्याचा चेहरा आठवेनासा झालाय."

दादा म्हणजे आमचे हे. गेले तेव्हा वन्संची नजर आधीच गेली होती.

मी डोळ्यांच्या आजारांवरचं मिळेल ते वाचत आले. काय कामाचं? वेणी अजून सोडू देत नाहीत.

शुक्रवार

दुपारी यांचा फोटो मांडीवर घेऊन वन्संना चेहरा सांगायला बसले. कपाळ सांगितलं, भुवया सांगितल्या. पुढे यांचे डोळे सांगायचे, ते सांगता येईनात, तेव्हा फोटो परत भिंतीवर लावला.