खड्ड्यात नुसती चुरी

मंगळवार, संध्याकाळ. आरमोरी.

आईच्या वयाच्या बाईचं मी का ऐकलं नाही? खरंच सांगता येत नाही.

अंगणवाडीसमोर सिमेंटचे गट्टू बसवताना मजूर सिंधूबाई म्हणाल्या होत्या, "मॅडम, नळापाशी खड्डा हाये. तिथी गिट्टी टाकून धुम्मस मारून दाबा लागते. नुसती दगडाची चुरी पाण्यानं वाहून जाईन."

गिट्टी संपली होती आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटन. मी म्हटलं, "इंजिनिअर मी आहे ना?" तेही शहरी मराठीत, घरी मी मले-तुलेच बोलते. बाकीच्या बायका हसल्या, सिंधूबाईंनी चुरीचं घमेलं उचललं. चुरी पसरली की खड्डासुद्धा किती सपाट दिसतो.

आज नळापाशी गट्टू खचलेले. अंगणवाडीच्या मदतनीस ताई हंडा घेऊन पडल्या, मनगट मोडलं. सिंधूबाई तिथंच होत्या. "चहा घेता का, इंजिनिअरबाई?" एवढंच बोलल्या.

ऑफिसात साहेब म्हणाले, "ठेकेदारावर ढकलून दे. तुझी नोकरी अजून कच्ची आहे."

खड्ड्यात नुसती चुरी भरायला मीच सांगितलं, सिंधूबाईंनी अडवलं होतं, असं लिहून सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.