लुसियाच्या वडिलांचे ठसे

चिंचवड, ७ नोव्हेंबर १९६६
लुसियाबाईंकडे आकुर्डीला शिवणाला गेले, पण मशीन उघडलंच नाही. रेडिओवर सांगितलं म्हणे, इटलीत महापूर. तिचं माहेर तिकडचं, नदीकाठचं गाव. कंपनीच्या इंजिनियरची बायको, बंगला, मोटार, सगळं आहे. आज माझा हात सोडेना.
घरी आईला सांगितलं. पानशेत फुटलं तेव्हा पुण्यातलं आमचं घर गेलं, तेव्हापासून आई माझ्याकडेच. एवढंच म्हणाली, "माणसं आहेत ना?"

११ नोव्हें.
तिच्या भावाची तार. वडील जिवंत. ठसे गेले.
लाकडी ठसे कोरून कापड छापायचे ते. पणजोबांपासूनचे, भिंतभर.

१५ नोव्हें.
लोकरीचे कपडे मागत आळीत फिरले. साठेबाई म्हणाल्या, "अगं, आपण रेशनची अमेरिकेची मिलो ज्वारी खातोय आणि गोऱ्यांना स्वेटर?" तरी दिला. नवऱ्याचा, नवा.

२६ नोव्हें.
भावाचं पत्र. तिकडे मदतीचा नुसता ढीग. शेगडी, पलंग, तीन-तीन कोट. म्हातारा जेवत नाही. मदतवाल्यांनी सुचवलंय, प्लॅस्टिकच्या सामानाचं दुकान टाका, पैसे देतो.
वडिलांनी तिला विचारलंय, तुझ्या पलंगपोसावरची नक्षी आठवते का? काढून पाठव, ठसा पुन्हा कोरतो.
पलंगपोसही पुरातच गेलाय.

२७ नोव्हें.
दुपारभर दोघी फरशीवर खडूनं नक्षी काढत होतो. डाळिंब जमलं. पक्ष्याची मान कुठल्या बाजूला, तेच तिला आठवेना. "मी रोज त्याच्यावर झोपत होते, कुसुम! रोज!" तळव्यानं सगळं पुसून टाकलं. मुलगी म्हणून तिला ठसे कोरायला शिकवलं नाही, भाऊ बँकेत लागला.
"वडील वाचले ना," माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पानशेतनंतर आम्हाला जो तो हेच सांगायचा. जीभ चावली.

३ डिसें.
ह्यांनी मुंबईला चौकशी केली. कपडे नकोत, तिकडे भरपूर जमलेत. साठेबाईंना स्वेटर परत करताना मान वर होईना.

६ डिसें.
लुसियाबाई इटलीला गेली. वडिलांनी बोलणं सोडलंय. कागदावर कशीबशी काढलेली नक्षी पर्समध्ये होती.
"चुकीची असली तर?"
"दाखवा तरी."
"चुकीची बघून तो मरेल, कुसुम."
मोटार निघाली.

२१ डिसें.
पत्र नाही. ह्यांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, त्यांनाही नाही.
आज न राहवून आईला म्हटलं, दळताना म्हणायचीस ती ओवी म्हण ना, मामाच्या गावची. दोन ओळी म्हणाली. थांबली. डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडली.
"पुढं काय गं? माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचीस की तू."
भात करपला. मी तशीच चुलीपाशी बसून आठवतेय.