चतुर्थीचा चंद्र आणि सहा इंची दुर्बीण

२९ डिसेंबर २००२, रविवार
ठरलं. छोटी दुर्बीण काढून मोठी घ्यायची. छोटीतून गुरूचे चंद्र नुसते ठिपक्यांसारखे दिसतात. फोटो तर शक्यच नाही. भिलाईला मारोतीराव म्हणून स्टील प्लांटमधून रिटायर झालेले गृहस्थ आहेत, ते त्यांची सहा इंची विकताहेत. सेकंडहँड, पण आरसा उत्तम. असं ते स्वतःच फोनवर म्हणाले.
नवीन राज्याला दोन वर्षं झाली. भोपाळहून फायली आल्या, साहेब आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. पण राज्यात आकाशाचे फोटो काढणारा माणूस एकही नाही. सगळीकडे पोस्ट रिकाम्या आहेत. ही मी भरतो.

३ जानेवारी २००३, शुक्रवार
पैशांची थोडी फिरवाफिरव. आईच्या मोतीबिंदूसाठी बाजूला ठेवलेले नुसते पडून होते. समता कॉलनीतले डॉक्टर याच थंडीत करून घ्या म्हणतात. डॉक्टर म्हणणारच. मोतीबिंदू पिकला की चांगला निघतो, असं आमच्या लहानपणी सगळे म्हणायचे. पिकू दे.
शिवाय दुर्बीण मुख्यतः आईसाठीच आहे. दोन वर्षांपासून तिला चंद्र म्हणजे नुसता पांढरा धूर दिसतो. संकष्टीला मीनल गच्चीवर जाऊन बघते, खाली येऊन 'निघाला' म्हणते, मग आई अंदाजाने हात जोडून उपास सोडते. बायकोच्या तोंडच्या शब्दावर उपास! सहा इंची आरशातून आईला चंद्र स्वच्छ दिसेल. म्हणजे एका परीने हे ऑपरेशनच झालं.
मीनलला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून.

५ जानेवारी, रविवार
भिलाईहून दुर्बीण आणली. बसमध्ये मांडीवर. कंडक्टर म्हणाला, भैया, ये तोप कहाँ ले जा रहे हो. अडाणी.
मारोतीरावांनी चहा दिला आणि तीनदा एकच गोष्ट सांगितली. तोंडाचं झाकण काळं आहे, अंधारात दिसत नाही. काढाले विसरू नका, लावाले विसरू नका. चार वर्षं आकाश बघणाऱ्या माणसाला झाकण शिकवतात. भाव पक्का झाला होता म्हणून गप्प बसलो.

७ जानेवारी, मंगळवार
मीनलला परवाच कळलं. योग्य वेळ नव्हती.
 दोन दिवस काहीच बोलली नाही. शेवटी आई मध्ये पडली. म्हणाली, राहू दे वो सूनबाई, हौस हाय त्याची. माह्या डोळ्याचं काय, अजून एक थंडी निघून जाईन.
आईची संमती मिळाली. नोंद करून ठेवतो.

११ जानेवारी, शनिवार
ऐतिहासिक रात्र! पायलच्या कॉम्प्युटरचा वेबकॅम चिकटपट्टीने दुर्बिणीला लावला आणि पहिल्याच फटक्यात शनी. कडं अगदी स्पष्ट. पायल झोपेत म्हणाली, पापा, मेरा कैमरा वापस कर देना. शास्त्राची कदर नाही या पोट्टीला. मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीतच.

१३ जानेवारी, सोमवार
शनीचा मोठा प्रिंट काढून ऑफिसात साहेबांना दिला. साहेबांनी काचेखाली ठेवला, चार सेक्शनच्या लोकांना बोलावून दाखवला. म्हणाले, हमारे ऑफिस का गौरव.
घरी मीनलला दाखवला. म्हणाली, वड्यासारखा दिसून राहिला. पायल म्हणाली, इसमें तो छेद है.
खात्रीसाठी म्हणून मारोतीरावांना फोन केला. ते बराच वेळ हसले. फोकस नसला की कोणताही तारा असाच दिसतो, मधलं भोक म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली. मी कोणत्या दिशेला दुर्बीण लावली होती ते विचारलं त्यांनी. मी लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला.
साहेबांच्या काचेखालचा वडा आता काढायचा कसा? सध्या काही न कळवणं बरं. रोज त्या टेबलासमोर उभं राहताना मान खाली जाते. साहेबांना वाटतं, नम्र माणूस आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
तिळगूळ द्यायला समोरच्या पद्मिनीताईंकडे गेलो. चारपाच जणी बसल्या होत्या. बोलता बोलता जाहीर करून टाकलं. येत्या मंगळवारी अंगारकी आहे, आपल्या बूढापारा मोहल्ल्यातल्या सगळ्या उपासवाल्यांनी आमच्या गच्चीवर यायचं. प्रत्येकीला दुर्बिणीतून चंद्रदर्शन, मगच उपास सोडायचा. वेबकॅमने फोटोही निघेल, वर्तमानपत्रात देऊ.
पद्मिनीताई म्हणाल्या, हव, येऊ ना. वड्याची भरपाई एका रात्रीत होईल.
घरी आल्यावर आईला सांगितलं, या चतुर्थीला तू स्वतःच्या डोळ्यांनी बघशील. आई माझा हात धरून बसली. बराच वेळ.

१९ जानेवारी, रविवार
वेळापत्रक केलं. कॅलेंडरमध्ये चंद्रोदय नऊ पंचवीस. साडेआठपासून खालच्या खोलीत माझं छोटं भाषण, विषय 'चंद्र: एक परिचय'. सव्वानऊला सगळ्यांना वर न्यायचं. दुर्बीण पूर्वेला दोन घरांच्या फटीत लावून ठेवलेली, चंद्र आपोआप नळीत येईल.
मीनल म्हणाली, अहो, ते कॅलेंडर मुंबईचं आहे, आपल्याकडे आधी निघतो, मी दर महिन्याला बघून राहिली. तिला म्हटलं, चंद्र एकच आहे. ती स्वयंपाकघरात गेली.

२१ जानेवारी, मंगळवार. अंगारकी. संध्याकाळी सहा
आकाश स्वच्छ. आईने सकाळपासून पाणीसुद्धा मोजकंच घेतलंय. नवीन लुगडं नेसून बसली आहे. दोनदा विचारून झालं, कवा जायचं रे वर.

त्याच रात्री
संमिश्र यश.
भाषण चांगलं झालं. थोडं लांबलं. बायका घड्याळाकडे बघत होत्या, उत्सुकता असणार. सव्वानऊला वर गेलो तर चंद्र पद्मिनीताईंच्या पाण्याच्या टाकीच्या वर, चांगला हातभर. केव्हाचाच निघालेला. एक जण म्हणाली, भैया, हम तो नीचे बैठे रह गए. मीनल माझ्याकडे बघत होती. मी नाही बघितलं.
बायकांनी साध्या डोळ्यांनी चंद्र बघितला, अर्घ्य दिलं आणि घरी पळाल्या. घरी पोरं उपाशी होती म्हणे. कोणी दुर्बिणीपाशी थांबलं नाही. पद्मिनीताई जाता जाता म्हणाल्या, नंतर बघू हं. त्यांनी माझ्यासाठी असा आवाज काढायला नको होता. आजारी माणसाशी बोलतात तसा.
पण आई थांबली. तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. मी घाईघाईने दुर्बीण वळवली, वरच्या छोट्या शोधक नळीत चंद्र अगदी मधोमध आणला. मोठ्या नळीतून स्वतः बघितलं नाही. म्हटलं, पहिलं दर्शन आईचं. स्टुलावर बसवून तिचा बरा डोळा काचेला लावला. किती तरी वेळ ती तशीच होती. मग हळूच म्हणाली, दिसला रे. हात जोडले.
माझे डोळे भरून आले. बाकी सगळं गेलं खड्ड्यात. आई खाली जाऊन जेवली. फोटो काढायचं मन झालं नाही, प्रसंग पवित्र होता. दुर्बिणीवर जुनी चादर टाकली, गच्चीला कुलूप लावलं, किल्ली खिशात.

२२ जानेवारी, बुधवार
आई फार शांत झाली आहे. आज काही खाल्लं नाही, पोट जड आहे म्हणाली. रात्री उशिरा जेवल्याचा परिणाम.
संध्याकाळी जवळ बोलावलं आणि म्हणाली, ते ऑपरेशन आता राहू दे रे. काही गरज नाई.
समाधान म्हणतात ते हेच. चंद्र पाहिला, आता माणसाला बघायचं काय उरलं? मीनलला सांगितलं. म्हणजे बघ, तुझा राग किती अनाठायी होता. मीनल म्हणाली, आई रात्री रडून राहिल्या होत्या. म्हटलं, आनंदाने.

२३ जानेवारी, गुरुवार
फोटोसाठी संध्याकाळीच गच्चीवर गेलो. उजेड होता. चादर काढली.
तोंडाला झाकण.
काळं. घट्ट बसलेलं.
मीनलला विचारलं, तू वर गेली होतीस का? किल्ली तुमच्याच खिशात आहे, म्हणाली.

त्याच दिवशी, जेवणानंतर
नीट विचार केला. श्रद्धा असली की माणसाला कशातूनही दिसतं. आई लहानपणापासून चतुर्थ्या करते. तिला दिसला असेल. दिसलाच असेल.
झाकणातून?
भावनेच्या भरात तिने म्हटलं असेल. उपास तर सुटला. कोणाचं काही नुकसान झालं नाही. विषय बंद.

२४ जानेवारी, शुक्रवार
विषय बंद होत नाही. आई आज पुन्हा जेवली नाही. मीनलने खोदून विचारलं तर कळलं. चंद्र न बघता उपास सोडला आणि वर खोटं बोलली, म्हणून तिने तीन दिवसांचा उपास धरला आहे. मीनलने मला एवढंच सांगितलं आणि विचारलं, त्या खोटं काय बोलल्या?
मला माहीत नाही म्हटलं.
जेवताना घास उतरेना. दाल जरा कच्ची होती.

२५ जानेवारी, शनिवार
दाल कच्ची नव्हती.
दुपारी आईजवळ बसलो. म्हटलं, आई, खरं सांग, त्या दिवशी काय दिसलं?  मग म्हणाली, मले तं काहीच नाई दिसलं रे. नुसता अंधार. असं तं डोळ्यानं धूर तरी दिसते, त्या यंत्रात तोबी नाई. तुले वाईट वाटन म्हणून दिसला म्हणलं.
मग म्हणाली, एवढ्या मोठ्या यंत्रातून बी मले दिसत नाई, मंजे माहे डोळे गेलेच समज. आता डॉक्टर तरी काय करन? काहून पैसा घालवायचा.
मी तिथून उठलो. चपला उलटसुलट घालून बूढा तलावापर्यंत गेलो आणि परत आलो. सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं. चार दिवस ही बाई आपण आंधळे झालो असं समजून गप्प बसली आहे, आणि मी ते समाधान म्हणून इथे लिहून ठेवलंय. वरचं पान वाचवत नाही.

२६ जानेवारी, रविवार
सकाळी मारोतीरावांना फोन केला. दुर्बीण परत घेता का? ते म्हणाले, घेतो, पण झाकण हाये ना? हो म्हटलं. सगळ्यात जास्त तेच वापरलंय, हे नाही सांगितलं.
मग आईला सांगितलं. मीनल दारात उभी होती, तिच्यासमोरच. मी झाकण काढलंच नव्हतं, आई. तुझे डोळे जसे होते तसेच आहेत. पैसेही तुझ्याच डोळ्यांचे होते.
आई म्हणाली, मंजे झाकण होतं? मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मला वाटत होतं तिने रागवावं, एक थोबाडीत द्यावी. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, चाचपत, नाकावरून, कपाळावरून. म्हणाली, भ्याला होता का रे?
मीनलने तिचं ताट वाढून आणलं. दोन घास खाऊन झाल्यावर आईने विचारलं, पुढच्या चतुर्थीपर्यंत होऊन जाईन का ऑपरेशन?
होईल म्हणालो. 
मग तवा ते यंत्र नको आणू बरं, म्हणाली. मी अशीच पाहीन.